तिसरा क्यूब

"तीन भावंडांत एखादं दुबळं निघायचंच, म्हणून काय सगळ्या घरावर फुली मारायची?"

हे वाक्य गोपाळकृष्ण वझे यांनी १९८८च्या फेब्रुवारीत एका रडकुंडीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याला ऐकवलं होतं. अठरा वर्षांनी ते त्यांच्याच मानगुटीवर येऊन बसलं.

वझे पुण्यातल्या एका अभियांत्रिकी संस्थेत काँक्रीट फोडायचे. एकतीस वर्षं हेच काम. कुठे पूल, कुठे पाण्याची टाकी बांधली जात असली की तिथलं ओलं काँक्रीट साच्यात भरून त्याचे ठोकळे इथे यायचे. त्यांना क्यूब म्हणत. एका मिश्रणाचे तीन. अठ्ठावीस दिवस ते पाण्यात पडून राहायचे, मग वझे एकेकाला दाबाच्या मशीनमध्ये ठेवायचे. मशीनच्या तबकडीवर दोन सुया होत्या. काळी दाबाबरोबर चढायची आणि क्यूब फुटला की गपकन शून्यावर यायची. तांबडी जिथवर चढली तिथेच थांबायची. ती वाचायची आणि नोंदवहीत आकडा लिहायचा.

एका मिश्रणाच्या तिघांना प्रयोगशाळेत भावंडं म्हणायची पद्धत होती. नियम असा, की एखादं भावंड सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त लांब गेलं तर तिघंही बाद. मग चौकशी, पत्रापत्री, काम बंद. वझ्यांच्या आधीचे बापूराव निवृत्त होताना त्यांना मशीनच्या किल्लीबरोबर आणखी एक गोष्ट देऊन गेले. तिसरं भावंड फारच खाली गेलं तर त्याला हात द्यायचा. चौतीस टनांवर फुटलं तर चव्वेचाळीस लिहायचं. आपल्या हातून कुणाचं बांधकाम अडायला नको. यात लाच नव्हती, चहासुद्धा नव्हता. याचं नाव 'सांभाळून घेणं'.

पण लिहिलेला आकडा खोटा असला की खरा आकडा अंगात राहतो, मुरलेल्या तापासारखा. वझ्यांनी त्यावर तोड काढली होती. मशीनशेजारी भिंतीवर एक कॅलेंडर असे. घरोघरी बायका जिथे दुधाचा खाडा लिहितात, त्या चौकोनात ते पेन्सिलीने खरी सुई लिहून ठेवत आणि मग हलके होत. वर्ष संपलं की कॅलेंडर घरी न्यायचं. कागद चांगला असतो.

२००६ साली संस्थेला नवी इमारत मिळाली. काँक्रीट, मेंदू आणि हाड, तिन्हींचे विभाग एका छपराखाली आले. आमोद नावाचा तरुण प्राध्यापक अमेरिकेहून परतला होता. मेंदूतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यासारखा एक संगणकी कार्यक्रम त्याने रचला होता. जुन्या पुलांच्या क्यूबचे आकडे त्याला भरवायचे, आणि तो पूल आज किती भार झेलेल हे जाळं सांगणार. आकडे कुठून आणायचे, तर वझ्यांच्या नोंदवह्यांतून.

"वझेकाका, तुमचा डेटा म्हणजे सोनं आहे," आमोद एका सकाळी म्हणाला. "बाहेरचे आकडे कसेही उड्या मारतात. तुमचे एकदम शिस्तीत. माझ्या नेटवर्कने तर एक नियम आपणहून शोधला. भावंडं एकमेकांपासून कधी फार लांब जातच नाहीत."

"घरचं वळण," वझे म्हणाले.

"शुक्रवारी आपण पहिला पूल जाहीर करतोय. मांजरी गावाकडच्या कालव्यावरचा. सरकारी साहेब येणारेत. तिथे आता नव्या सोसायट्या झाल्यात, काँक्रीटचे मोठे मिक्सर ट्रक जायला हवेत. नेटवर्क म्हणतंय, भाराची मर्यादा दीडपट करा. आणि त्याच कार्यक्रमात तुमचा निरोप, शाल, सगळं. नोंदवह्या टेबलावर मांडणार."

वझ्यांना बरं वाटलं. ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी नम्रता आली. ही यवतमाळची मुलगी शेजारच्या विभागात हाड वाढवायचं शिकत होती. खापरीसारखा भोकाभोकांचा तुकडा घडवायचा, त्यावर जिवंत पेशी सोडायच्या. तीन आठवड्यांनी तो तुकडा हाडासारखा जीव धरतो. तो किती दाब सोसतो हे पाहायला ती वझ्यांच्या लहान मशीनवर येई. तिचेही तुकडे तीनच.

पहिला बासष्ट किलोवर फुटला, दुसरा साठवर. तिसरा एक्केचाळीसवर. वझ्यांनी बावन्न लिहिलं. हाताने आपलं आपण लिहिलं.

"काका, सुई एक्केचाळीसवर आहे."

"दिसतंय मला. अजून मोतीबिंदू नाही झाला."

"मग बावन्न?"

"तुमचे तीन आठवडे वाचले. आभार मानायचे नसले तर नका मानू."

नम्रता हसली नाही. तिने पेन काढलं, बावन्न खोडून एक्केचाळीस लिहिलं आणि बाजूला सही केली. "वाया गेले तर गेले ना काका. हा तुकडा ज्याच्या पायात बसेल, त्याच्या वाट्याला सरासरी नाही येत. एकच तुकडा येतो."

ती गेली. वझे तांबड्या सुईकडे पाहत बसले. एक्केचाळीसवरून तिला कुणी मागे आणलं नव्हतं.

मग त्यांनी मांजरीच्या पुलाची नोंदवही काढली. फेब्रुवारी ८८. बावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस. तो रडकुंडीला आलेला पोरगा आठवला. आमोदचं जाळं काँक्रीट कुठे शिकलं होतं? ते बापूरावांची आणि त्यांची माया शिकलं होतं. पंधरा टक्क्यांच्या आत उभं असलेलं सगळं जग त्याला खरं वाटत होतं.

त्या संध्याकाळी बिबवेवाडीला घरी न जाता वझे मांजरीला गेले. कालव्याच्या पुलावर कठड्यावर तळहात टेकून उभे राहिले. उसाची ट्रॉली गेली. पाण्याचा टँकर गेला. प्रत्येक वेळी कठड्यातून एक थरथर त्यांच्या कोपरापर्यंत आली. पूर्वीही येत असेल, त्यांनी हात कधी ठेवला नव्हता. पुलापलीकडच्या सोसायटीत त्यांची मुलगी कादंबरी राहत होती. तिच्या सॉफ्टवेअर कंपनीची बस रोज याच पुलावरून जायची, यायची. सव्वासातला ती बस आली. चाळीसएक माणसं, बहुतेक झोपलेली. वझ्यांनी श्वास धरला आणि मागची चाकं पलीकडे उतरल्यावर सोडला.

आजच्या भाराला पूल उभा होता. दीडपटीला राहील की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत असायला हवं त्याला त्यांनीच फसवलं होतं.

पुढचे दोन दिवस ते आमोदच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. एकदा आत गेले आणि 'चहा घेणार का' एवढंच विचारून आले. काय सांगायचं? की एकतीस वर्षांच्या शालीला भोकं आहेत?

गुरुवारी सकाळी ते स्वयंपाकघरात डबे खाली उतरवू लागले.

"अहो, काय शोधताय?" हेमाताईंनी विचारलं. "आयुष्यात पहिल्यांदा फडताळाला हात लावलात, तोही पुसायला नव्हे."

"डब्यांखालचे कागद हवेत. कॅलेंडरचे."

"निवृत्तीच्या आधीच रद्दीचा धंदा? काही कादंबरीच्या शाळेच्या पुस्तकांना घातले, काही इथे अंथरले. राहिलेत ते पलंगाखाली."

वझे स्टुलावर चढले. हेमाताईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या स्टूल धरून उभ्या राहिल्या. हळदीच्या डब्याखाली ८८चा फेब्रुवारी सापडला. एक कोपरा तेलाने पारदर्शक झाला होता. सोळा तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, चौतीस.

त्या दिवशी त्यांनी रजा टाकली. संध्याकाळपर्यंत एकवीस वर्षांची कॅलेंडरं जमली. दहा वर्षांची कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना.

शुक्रवारी सभागृहात पन्नासेक माणसं होती. टेबलावर नोंदवह्यांची चळत, तिला झेंडूचा हार. शेजारी घडी केलेली शाल आणि नारळ. सरकारी साहेब घड्याळ पाहत होते. आमोदने पडद्यावर कालव्याचा पूल दाखवला आणि सांगितलं की यामागे एका माणसाची एकतीस वर्षांची निर्दोष सचोटी आहे. टाळ्या झाल्या.

"वझेकाका, दोन शब्द."

वझे उठले. काखेत गुंडाळी होती. त्यांनी हार काढून बाजूला ठेवला, ८८ची वही उपसली आणि ते पान उघडलं. शेजारी फेब्रुवारीचा कागद पसरला. तो पुन्हा गुंडाळला जाऊ लागला तेव्हा त्यावर नारळ ठेवला. हळदीचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. कुणीतरी हसलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. चव्वेचाळीसवर एक रेघ मारली, वर चौतीस लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग बाकीच्या कॅलेंडरांची गुंडाळी वहीशेजारी ठेवली. वर दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर हरवलेल्या दहा वर्षांचे सन लिहिलेले होते.

"काका, हे काय आहे?" आमोद हळू आवाजात म्हणाला. माईक चालू होता.

नम्रता तिसऱ्या रांगेतून उठून टेबलाशी आली होती. तिने चौकोनावर बोट ठेवलं, मग वहीतल्या ओळीवर, मग पुन्हा चौकोनावर. "सर," ती म्हणाली, "तो भाराचा आकडा आज जाहीर करू नका."

सरकारी साहेबांनी घड्याळावरची नजर काढली. आमोद वाकून कागद वाचू लागला. सोळा तारखेवर थांबला, उलटून जानेवारी पाहिला, आणि त्याच्या मागे पडद्यावर पूल तसाच उभा राहिला.

वझ्यांनी पेनाचं टोपण लावलं, ते खिशाला अडकवलं. किल्ली काढून वहीवर ठेवली. शाल तिथेच घडीची घडी राहिली. खुर्चीखालची पिशवी उचलून, रांगांच्या मधल्या वाटेने, कुणाकडेही न पाहता ते दाराबाहेर पडले.