दोनच गोष्टी सांगायच्या होत्या

"ह्यो न्हाई."

ती एकेक वायसर अंगठ्यात घालायची, डोळे मिटून एक फेरा फिरवायची आणि म्हणायची. चांगला असला तर काही बोलायची नाही, उजवीकडच्या डब्यात टाकायची. खराब असला तरच, "ह्यो न्हाई," आणि डावीकडे. दिवसभरात हे आम्ही इतक्यांदा ऐकायचो की घरी भाकरी करपली तर माझ्या तोंडूनही तेच यायचं.

उरवड्याला तेव्हा कारखान्यांच्या पहिल्याच शेड उभ्या राहत होत्या. आमच्या शेडमध्ये मोटारीला लागणारे रबरी वायसर व्हायचे. साच्यातून निघालेल्या वायसराच्या कडेला पापुद्रा राहायचा. तो आम्ही बायकांनी कात्रीनं कापायचा आणि वायसर तपासायचा. मी चौथी शिकलेली, म्हणून डब्यांवर चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. शेट मला मानायचा. तिला तिथं लावली ती मीच.

ती माझी शेजारीण. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, लग्न झालेलं नाही, घरात ती आणि तिची आई. माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही, हाताकडे बघायची. भाकरीचे मोजून चार तुकडे करायची. पाचवा झाला तर तो तसाच ठेवून उठायची. मोठा आवाज झाला की कानांवर हात घेऊन पुढं-मागं डुलायची. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, आणि पाहून पुढं गेला असाल.

खोटं तिला येतच नव्हतं. एकदा नवं लुगडं नेसून मी विचारलं, "कसं दिसतंय गं?"

"लुगडं चांगलं हाय," ती म्हणाली. "तुजं नाक मोठं दिसतंय."

नाक मोठं आहेच माझं.

याआधी ती दोन ठिकाणी कामाला लागून सुटली होती. रस्त्याच्या कामावर तिच्या आईनं मुकादमाला आधीच सांगितलं, पोरगी जरा वेगळी हाय, सांभाळून घ्या. दुपारपर्यंत सगळे तिला येडी म्हणायला लागले आणि तिसऱ्या दिवशी तिला येऊ नको म्हणाले. मग भूगावच्या बाजूला एका रोपवाटिकेत आईनं कुणाला काहीच सांगितलं नाही. तिथं माळ्यानं मागून येऊन तिचा दंड धरला. तिनं हातातली कुंडी फेकली. तिथूनही गेली. म्हणजे सांगितलं तरी घालवतात, नाही सांगितलं तरी घालवतात.

म्हणून शेडमध्ये न्यायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघी त्यांच्या ओट्यावर बसलो. "आता शेटला काय सांगायचं गं आक्का?" तिच्या आईनं विचारलं.

उत्तर तिनं स्वतःच दिलं. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "आक्का, दोनच गोष्टी सांग. मला हात लावू नका. भोंगा वाजायचा असला की आदी मला सांगा. येवढं केलं की मी बसंल तितं."

"बरं," मी म्हणाले.

रात्रभर विचार करून मी ठरवलं की हे कुणी ऐकायचं नाही. बाईमाणसानं शेटपुढं अटी घालायच्या, त्याही असल्या? सकाळी शेटनं विचारलं, "ही बाई अशी का उभी आहे, कान धरून?"

मी म्हणाले, "शेट, तिच्या अंगात देवी येती. लई कडक हाय. शिवाशिव चालत न्हाई, आन् आवाज चालत न्हाई."

शेट पुण्याचा, शिकलेला, पण देवीला भिणारा. त्यानं तिथल्या तिथं हात जोडले. खिडकीजवळची चांगली जागा दिली. मीही तिच्या समोरची जागा घेतली. वॉचमन भोंग्याच्या खटक्याकडे निघालेला मला तिथून दिसायचा. मी फळीवर दोनदा बोट वाजवायचे, ती कान झाकायची, मग भोंगा व्हायचा. कुणी तिला हात लावत नव्हतं. सात-आठ महिने तिनं जे वायसर तपासले त्यातला एकही परत आला नाही. मला वाटलं, किती हुशारी केली आपण.

पण देवी आणली की भक्त येतातच. बायका जेवणाच्या सुट्टीत तिच्यापुढं बसायला लागल्या. एकीनं विचारलं, "माज्या मालकाची दारू सुटंल का?"

"मला कसं म्हाईत?"

"देवी रुसली," बायका कुजबुजल्या. पुढच्या दिवशी तिच्या जागेवर नारळ.

दुसरीनं विचारलं, "माजी सवत पुना येईल का गं?"

"ती परवाच्या बाजारात तुज्या नवऱ्याबरूबर व्हती. वांगी घेत व्हती."

बघितलं होतं ते तिनं सांगितलं. पण त्या दिवसापासून तिचा दरारा काय विचारता. मी हसून हसून दमले. ती मात्र मला म्हणाली, "आक्का, ह्या मला देवी म्हंत्यात. मी न्हाई देवी."

"गप बस," मी म्हणाले. "कुणी इचारलं न्हाई ना? मग सांगू नगं."

तिनं विचार केला. "इचारलं तर सांगंल," म्हणाली.

दसऱ्याला शेडमध्ये मशीनची पूजा होती. शेट पांढरा शर्ट घालून आला. गावातून हलगीवाला बोलावलेला. बायकांनी ठरवलं होतं, आज देवीची ओटी भरायची. मला ते आदल्या दिवसापासून माहीत होतं. मी थांबवू शकले असते. काय कारण सांगून थांबवू, ते सुचलं नाही, म्हणून थांबवलं नाही.

हलगी एकदम वाजली. ती कान झाकून डुलायला लागली. बायकांना वाटलं, आली. चौघींनी तिला धरलं, कुणी मळवट भरला, कुणी पाय धरले. ती जी ओरडली ते मला आजही लिहवत नाही. ताट उडालं, कुंकू शेटच्या शर्टावर. हलगी थांबली.

शेटनं भीतभीत विचारलं, "देवी कोपली का?"

"देवी न्हाई," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता तिला. "माज्या अंगात काय येत न्हाई. आक्कानं खोटं सांगितलं. मला हात लावू नका."

आता विचारलं होतं, म्हणून तिनं सांगितलं.

शेट माझ्याकडे वळला. "आक्का, खरं काय ते सांगा."

ओट्यावरच्या त्या दोन गोष्टी माझ्या जिभेवर होत्या. तिथं सांगितल्या असत्या तर माझं काम गेलं असतं, तिचं कदाचित राहिलं असतं. घरात मी एकटी कमावती होते. पण ते कारण मी पुढं करणार नाही. तीही तिच्या घरात एकटीच कमावती होती.

"मला काय म्हाईत शेट," मी म्हणाले. "तिनंच मला तसं सांगितलं व्हतं."

बायका तिच्यावर तुटून पडल्या. देवीच्या नावानं फसवलंस, आमचे नारळ खाल्लेस. नारळ तिनं कधी खाल्ले नव्हते, शेंडीसकट ओळीनं खिडकीत मांडून ठेवलेले होते. ज्या बाईला खोटं बोलताच येत नव्हतं, ती खोटारडी ठरून गेली.

जाताना माझ्याजवळ थांबली. कपाळावरचं कुंकू डोळ्यात उतरलेलं. माझ्या हाताकडे बघितलं. वायसराला म्हणायची त्याच आवाजात म्हणाली,

"ह्यी न्हाई."

पुढं महिन्याभरात मायलेकी तिच्या मामाकडे निघून गेल्या, घाटाखाली. तोवर मी रोज त्यांच्या दारावरून जायचे. तिची आई माझ्याशी बोलायची, कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलीनं का सांगितलं नाही? आईनं विचारलं नसेल.

अलीकडे पणतवाला डोस पाजायला दवाखान्यात गेले तर भिंतीवर तक्ता होता. त्यावर असल्या माणसांना काय म्हणतात ते लिहिलेलं. स्वमग्न. जोडाक्षरं फार, मला दोनदा लावावं लागलं. तिची गोष्ट माझ्याकडून ऐकलेली नातसून म्हणाली, "आजी, तेव्हा हा शब्द असता तर तुम्ही साहेबाला नीट सांगितलं असतं, नाही?"

मी तिला हो म्हणाले नाही. शब्द नव्हता म्हणून अडलं, असं नव्हतं. तिनं मला सांगायला दिलं होतं ते सोपं होतं. एकही जोडाक्षर त्यात नव्हतं.

शेडमध्ये मी त्यानंतर सहा वर्षं होते. तिच्या जागेवर दुसरी बाई आली, चांगली होती, बोलकी. वॉचमन खटक्याकडे निघाला की माझं बोट फळीवर दोनदा वाजायचं. ती बाई मान वर करून विचारायची, "काय हवं गं आक्का?"

"काय न्हाई," मी म्हणायचे. तेवढ्यात भोंगा वाजायचा.