टेबलाखालची वायर

काळुराम आंबिवलीचा. ठाण्याच्या आमच्या कंपनीत माझ्या शेजारी बसून कोबोलचे प्रोग्राम लिहायचा. ब्याण्णव साली साहेबांनी स्पष्टच सांगितलं, कोबोलवाले कमी करणार; परीक्षा देऊन ज्याला असेंब्लर येईल तो राहील. असेंब्लर म्हणजे मेनफ्रेमची, कंपनीच्या त्या मोठ्या संगणकाची, स्वतःची बोली. काळुरामने डोंबिवलीतला एक क्लास धरला.

मीही दोनदा गेलो. पडद्याआड एक टर्मिनल, म्हणजे दूरच्या मेनफ्रेमला वायरने जोडायचा स्क्रीन-कीबोर्ड, वर एसी. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या. हात मात्र कुणी लावायचा नाही, कारण रोज मेनफ्रेमची लाइन डाउन, म्हणजे बंद. सर फळ्यावर लिहिणार, पोरं-पोरी वहीत उतरवणार. नोट्स वीस वर्षांपूर्वीच्या, झेरॉक्सची झेरॉक्स. किळस आली मला. मी ऑफिसातलं मॅन्युअल घरी आणून वाचत बसलो.

दसऱ्याला काळुराम पूजेसाठी टर्मिनल पुसायला गेला, तर मागची वायर टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली. कशालाच जोडलेली नव्हती.

"मग सरांना विचारलंस?"

"पूजेच्या दिवशी काय विचारणार रे? हार घातला नि आलो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा पुढेही जातच राहिला.

परीक्षा कंपनीच्या खऱ्या मशीनवर झाली. कोबोलच्या प्रोग्रामने मध्येच कामाला बोलावायचा एक छोटा प्रोग्राम असेंब्लरमध्ये लिहायचा होता. अशा प्रोग्रामने बोलावणाऱ्याच्या रजिस्टरांतला, म्हणजे मशीनच्या आतल्या कप्प्यांतला, ऐवज आधी जपून ठेवायचा आणि जाताना जसाच्या तसा परत करायचा, हा असेंब्लरचा पहिला धडा. सरांनी तो गाळलेला; वहीत लागत नाही म्हणे. नाहीच लागत. वहीतला प्रोग्राम कधी कोसळत नाही. काळुरामचा कोसळला, आणि मशीनने कारण म्हणून छापलेल्या आकड्यांच्या गठ्ठ्यातली एक ओळ त्याला वाचता येईना. महिन्याभरात त्याची नोकरी गेली.

पुढच्या दसऱ्याला त्याने मला त्याच क्लासात बोलावलं. आता तिथला सर काळुरामच होता. दारातच त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला. तो तोंडात टाकून मी आत डोकावलो. हार घातलेलं टर्मिनल, आणि टेबलाखाली तीच वायर, तशीच गुंडाळलेली.

"काळुराम, तुला तर ठाऊक आहे ना सगळं?"

"हळू बोल रे," तो म्हणाला, "आणि चपला काढ आधी. पोरं बघतायत."

पेढा मी जिन्यात थुंकला.