झोपलेल्या कंदाला पाणी

डिसेंबरात घाटावरून टेम्पो येतो आणि त्यातून थंडीची फुलं उतरतात. प्रिम्युला, सायक्लामेन, आणखी दोन-चार नाजूक मंडळी. बोईसर-पालघर रस्त्यावरच्या माझ्या नर्सरीत ती पुढच्या फळीवर मांडली की गाड्या थांबायला लागतात. प्रिम्युलाची पानं मुळ्याच्या पाल्यासारखी खरखरीत, आणि मधोमध गुलाबी, पिवळ्या, जांभळ्या फुलांचा झुबका. सायक्लामेनच्या पाकळ्या मागे उलटलेल्या असतात, वाऱ्याच्या तोंडावर उभं असल्यासारखं फूल दिसतं. पानावर रुपेरी नक्षी. ही फुलं आमच्या हवेतली नाहीत. होळीच्या सुमारास माना टाकतात. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगतो, आणि तरी प्रत्येक गिऱ्हाईक कुंडी नेतंच.

मग एप्रिलमध्ये हीच माणसं वाळकी कुंडी घेऊन भांडायला येतात. "भैया, ये तो मर गया." मी विचारतो, पाणी किती घातलंत? "सुबह-शाम, भर भर के." इथे माझं डोकं फिरतं. झाडं तहानेने मरत नाहीत इतकी लोकांच्या मायेने मरतात, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ओरडून सांगितलंय की रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्यालाही ते पाठ झालंय. माझी बायको म्हणायची, "माळीबुवा, गिऱ्हाइकाला शिव्या घालून वर पैसे घेणारे तुमी एकटेच."

मी शिरगावचा, ती दातिवऱ्याची. घरात आम्ही दोघंच. तिच्या किडन्या निकामी झाल्या त्याला आता चार वर्षं होतील. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, जेवण जवळजवळ अळणी, आणि पाणी मोजून. अंगातून पाणी बाहेर जायची वाटच बंद झाली, तर आत घातलेलं साचणार, पायांवर सूज येणार, मग छातीत भरणार. डॉक्टरांनी हे मला नीट समजावलं आणि मला ते लगेच समजलं, कारण तळाचं भोक बुजलेल्या कुंडीचं असंच होतं. माझी किडनी तिला चालली नाही, मला साखर आहे. दुसऱ्या किडनीसाठी नंबर लावून ठेवला होता. तो लागेपर्यंत तिला टिकवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

तिचं दिवसाचं पाणी मी सकाळी एका बाटलीत भरून ठेवायचो. त्यातून अर्धं-अर्धं फुलपात्र तिला मिळायचं. फार तहान लागली तर लिंबाची फोड चोखायची, नाहीतर बर्फाचा खडा. कधी ती नुसती चूळ भरू का म्हणायची. मी हो म्हणायचो आणि ती चूळ भरत असताना तिच्या गळ्याकडे बघत राहायचो, घोट खाली उतरतोय का ते. तिला ते दिसायचं. चूळ थुंकून ती माझ्याकडे रिकामं तोंड उघडून दाखवायची, शाळेतली मुलं औषध गिळल्यावर दाखवतात तसं, आणि हसायची. मला हसू यायचं नाही. दिवसभर झारी आणि पाइप घेऊन शेकडो झाडांना पाणी घालायचं आणि घरी येऊन बायकोला "आता नाही, सहा वाजता" म्हणायचं, हा माझा धंदा होऊन बसला होता. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

डायलिसिस चालू असतानाच्या एका हिवाळ्यात टेम्पो आला तेव्हा ती नर्सरीतच खुर्ची टाकून बसली होती. पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे नेहमी येतात. त्या प्रिम्युलाची कुंडी हातात घेऊन बायकोला म्हणाल्या, "याचं एक भावंड तुमच्या खाडीत उभं आहे, ठाऊक आहे का? काजळा." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रिम्युला, सायक्लामेन, खाडीतला काजळा, तान्ह्या बाळाच्या दुधात उकळतात ते वावडिंग, सगळे एकाच कुळातले. हिवाळ्यात शेतात तण म्हणून येणारं एक बारीक निळं फूलही त्यातलंच. ते मला आठवलं. शिरगावात वालाच्या वाफ्यांतून लहानपणी आम्ही ते मूठ-मूठ उपटून बांधावर टाकायचो. सकाळी उघडं असायचं आणि दुपार कलली की मिटून जायचं. त्याला कुणी कधी नाव विचारलं नव्हतं.

बायको मात्र काजळ्यावरच अडकली. दातिवऱ्याला खाडीच्या काठाने तिवरांमध्ये काजळ्याची झुडपं आहेत. भरतीला गुडघाभर पाण्यात, ओहोटीला चिखलात. "म्हणजे ही फुलं माझ्या माहेरची हायत!" ती म्हणाली. बाई हसल्या, म्हणाल्या, लांबची का होईना, हो. बाई गेल्यावर हिने फळीवरचा एक गुलाबी सायक्लामेन उचलला आणि मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, अगं तो विकायचा आहे. "माहेरचा माणूस कोणी विकतो काय?" कुंडी घरी आली आणि तिच्या खाटेजवळच्या खिडकीत बसली.

शिमग्याच्या आधी काजळा फुलतो. मी तिला दातिवऱ्याला नेलं, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, कारण त्या दिवशी ती जरा तरतरीत असायची. तिची मोठी बहीण तिथेच राहते, मासळी विकते. ती आम्हाला धरून धरून बांधावरून घेऊन गेली. पांढऱ्या चांदण्यांचे गुच्छ, त्यांवर मधमाश्या, आणि वास असा गोड की चिखलाचा वास मागे पडावा. बायकोने एक पान तोडलं आणि उन्हाकडे धरून मला दाखवलं. पानावर मिठाचे कण चमकत होते. काजळा खारं पाणी पितो आणि नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतो. हे तिला कॉलेजच्या बाईंनी सांगायची गरज नव्हती, लहानपणी त्या दोघी बहिणी ती पानं चाटायच्या. "बघा," ती म्हणाली, "याची किडनी पानात हाय. कशी मस्त चालते." आणि मी काही बोलायच्या आत तिने पान जिभेवरून फिरवलं.

मीठ तिला बंद होतं. मीठ खाल्लं की तहान लागते, आणि तहान भागवायला आमच्याकडे काही नव्हतं. तिची बहीण माझ्या तोंडाकडे बघत होती. बायकोने डोळे मिटून घेतले होते आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला रडू कोसळलं. मी पाठ फिरवून खाडीकडे बघत बसलो. येताना रिक्षात तिला तहान लागलीच. सफाळ्यापर्यंत ती कोरडी जीभ ओठांवरून फिरवत राहिली.

मार्च लागला तशी सायक्लामेनची पानं पिवळी पडायला लागली. तिने घाबरून मला हाक मारली. मी सांगितलं, मेलेला नाही, झोपतोय. उन्हाळा आला की हे झाड पानं टाकतं आणि मातीत त्याचा कंद, छोट्या सुरणासारखा चपटा, निवांत झोपून राहतो. त्याला तेव्हा पाणी घालायचं नाही. सावलीत ठेवायचं आणि विसरून जायचं. पावसाळा सरला, नवरात्र झालं, की थोडं थोडं पाणी, मग नवी पानं. आमच्या दमट हवेत हे दहात एकाला जमतं, पण मी दोनदा जमवलेलं होतं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला उपदेश करायची खोड. मी म्हटलं, "बघ, हा कसा महिनोन्‌महिने पाण्यावाचून धीर धरतो. नंबर लागेपर्यंत तूही तसाच धीर धर."

तिने कुंडीच्या मातीवर हात ठेवला. मग म्हणाली, "तो झोपलाय. मी तर जागी हाय."

मी खाली पडलेली पिवळी पानं गोळा करायला लागलो.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी डबा विसरलो म्हणून घरी आलो. ती मोरीतून फुलपात्र भरून आणत होती. मला वाटलं, चोरून पितेय. पण ती खिडकीशी गेली आणि त्या बोडक्या कुंडीत पाणी ओतायला लागली. हळूहळू, बारीक धारेने, कान देऊन. कोरडी माती पाणी पिते तेव्हा बारीक चुरचुर आवाज येतो, तो ऐकत. एक बोट तिने धारेत धरलं होतं. मी दाराशी उभा होतो ते तिने पाहिलं. जरा ओशाळली, पण लगेच म्हणाली, "काजळ्याच्या कुळातला ना हा? त्याचे नातेवाईक खाडीत उभे हायत. याला पाण्याची कसली भीती!"

मी जगाला पाण्यावरून शिव्या देणारा माणूस. झोपलेला कंद पाण्याने चार आठवड्यांत कुजतो हे मला पक्कं ठाऊक. मी डबा उचलला आणि म्हटलं, "हो, बरोबर आहे." ती रोज दुपारी घालत राहिली. रोज संध्याकाळी मला ती ओली माती दिसायची.

जूनमध्ये तिने स्वतःच कुंडीत बोट घातलं. कंद मऊ पडला होता, बोट आत गेलं. वास आला. तिने बोट पदराला पुसलं आणि मला विचारलं, "तुमाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग अडवलं का नाय?"

मी म्हटलं, "दिवसातनं वीस वेळा तुला नाही म्हणतो. आणखी एकदा म्हणायची ताकद नव्हती माझ्यात."

माझा नर्सरीच्या मातीने भरलेला हात तिने स्वतःच्या हातात घेतला आणि आम्ही तसेच बसून राहिलो. त्या दिवशीचं सहाचं पाणी मी तिला सहाच्या आधीच दिलं.

नंबर लागला नाही. गणपती गेले आणि त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी डायलिसिसला निघायची तयारी करताना ती पलंगावर बसली ती उठलीच नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. साडी नेसून झाली होती, केस बांधायचे राहिले होते.

दातिवऱ्याहून तिची बहीण आली आणि दिवसकार्य होईपर्यंत राहिली. मला काही सुचत नव्हतं, ती सांगेल ते मी करत होतो. तिन्हीसांजेला तिने पलंगाजवळची जमीन सारवल्यासारखी पुसून घेतली, पीठ पसरलं, दिवा लावला आणि मला म्हणाली, "भावोजी, दिव्याजवळ पाणी ठेवायचं असतं. तुमी आणा."

मी स्वयंपाकघरात गेलो, फुलपात्र घेतलं, त्यात पाणी ओतलं आणि आणून दिव्याशेजारी ठेवलं. ती ते बघत राहिली.

"अर्धंच का?" तिने विचारलं.

मी खाली बघितलं. खरंच अर्धं होतं. माझा हात तिथवर येऊन आपोआप थांबला होता.

"काठोकाठ भरा," ती म्हणाली. "जाणाऱ्याला वाटेत लय तहान लागते. एवढंही ठाव नाय काय तुमाला?" आणि मग माझ्याकडे बघून तिने तोंडावर पदर घेतला.

मी तांब्या आणला. वाकून ओतायला लागलो. पाणी काठाशी आलं, काठावर फुगलं, पिठावर सांडलं, आणि तरी मला ओतणं थांबवता येईना. शेवटी तिनेच माझ्या हातातून तांब्या काढून घेतला.

दिव्याच्या उबेला उघडं पाणी रात्रभरात थोडं आटतं. माझा जन्म झाडांना पाणी घालण्यात गेला आहे, हे मला कुणी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपात्रातलं पाणी काठाच्या जरा खाली गेलेलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि आत चहा करणाऱ्या मेहुणीला हाक मारली.

"ताई, या, बघा," मी म्हटलं. "प्यायली ती."