पडद्यावरचा गर्दुल्ला आणि माझा

"पर्स उघड बघू."

मेधाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरातलं त्यांचं नवंकोरं घर. रविवारची दुपार. लाउंजमध्ये दहा-बारा मराठी माणसं, हातात चहाचे कप.

महिन्यातून एकदा त्यांच्याकडे सिनेमा असायचा. लायब्ररीतून आणलेली डीव्हीडी, मग चहा, मग चर्चा. त्या दिवशीचा सिनेमा हंगेरीचा. एक गर्दुल्ला आणि त्याच्यावर जीव टाकणारी नर्स. ती त्याच्यासाठी खोटं बोलते, नोकरी घालवते. शेवटी तो मरतो, ती उशाशी बसून राहते. बायका मुसमुसत होत्या. मेधाताई डोळे पुसत म्हणाल्या, "काय प्रेम आहे हे!"

माझं लक्ष बाथरूमच्या दाराकडे होतं. माझा नवरा संदेश अर्ध्या सिनेमातून उठून आत गेला होता. वीस मिनिटं आत. मग कुणाशी न बोलता थेट बाहेर, गाडीत.

संदेश इंजिनियर. ईस्ट टामाकीच्या फॅक्टरीत लांबलचक शिफ्ट. जागं राहायला तिथल्याच कुणीतरी त्याला 'पी' दिलं. काचेच्या नळीतून ओढायचं विष. तेव्हा ऑकलंडमध्ये त्याचा सुळसुळाट होता. चार-चार दिवस डोळ्याला डोळा नाही, मग झोपेच्या गोळ्यांसाठी तडफड. नोकरी गेली. मी सगळ्यांना सांगायची, त्याला मायग्रेन आहे.

"माझं झोपेच्या गोळ्यांचं पाकीट बाथरूममधून गेलंय," मेधाताई म्हणाल्या. "राग मानू नकोस. तुमच्यात चालत असेल, आमच्यात नाही."

तुमच्यात.

मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग, "म्हणजे नेमके कोण तुम्ही?" बौद्ध, असं मी हळूच म्हणाले होते. गुन्हा कबूल करावा तसं. त्यानंतर दर वेळी कप धुवायला सिंकपाशी मीच.

मी पर्स उघडली. हातांनी आपोआप उघडली. कंगवा. माझं फॅक्टरीचं ओळखपत्र. सॅनिटरी पॅड. सगळं टीपॉयवर. कुणी खिडकीकडे बघत होतं, कुणी कपात. मेधाताईंनी दोन बोटांनी पॅड बाजूला सारलं.

"आतला कप्पा?"

"नाही."

माझाच आवाज. मला ओळखू आला नाही.

"गोळ्या माझ्या नवऱ्यानं घेतल्या असतील. तो पी ओढतो. वर्ष झालं. मायग्रेन वगैरे सगळं खोटं होतं, मीच बोलले. पण हे तुम्हाला आत्ता कळतंय. पर्स त्याआधीच उघडायला लावलीत. इतक्या पर्स आहेत इथे. फक्त माझी."

"अगं, यात जात कुठे आली?"

"मी जातीचं नाव काढलंच नव्हतं, मेधाताई. तुम्ही काढलंत."

आत्ता हीच माणसं एका गर्दुल्ल्यासाठी रडली होती. तो हंगेरीतला होता. बाहेर गाडीत बसलेला चोर होता.

मी सामान भरलं आणि निघाले.

गाडीत संदेश मुठीत पाकीट आवळून बसला होता. "कुणाला सांगू नकोस," म्हणाला.

"सांगून आले."

त्यानं डॅशबोर्डवर बुक्की मारली. "इज्जत घालवलीस माझी!"

"वर्षभर वाचवली ना? त्यात तू मरायला टेकलास."

पाकीट त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि परत जाऊन मेधाताईंच्या दाराशी ठेवलं. बेल वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला व्यसनमुक्तीच्या क्लिनिकला नेलं. दोनदा आला. तिसऱ्या वेळी दूर वेलिंग्टनजवळ, पोरिरुआला मित्राकडे पळाला. फोन करतो, रडतो. म्हणतो, मेधाताईंकडच्या लोकांना सांग मी आजारी आहे, तुझं ऐकतील. माझा जीव तुटतो. कॉलेजपासूनचं प्रेम आहे, ते आटलेलं नाही.

तरी मी सांगते. क्लिनिकला जा, त्याच दिवशी तिथे येते. पांघरूण घालणार नाही. तुझ्या व्यसनावर नाही, माझ्या जातीवरही नाही. ज्याला माझ्याशी बोलायचंय, त्यानं दोन्ही ऐकून घेऊन बोलावं.