धर्माच्या कानाचा सेल

मार्चअखेर मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि माझं पुढचं पोस्टिंग डोंबिवली पूर्वेला झालं. तिसरा मजला, दोन खोल्या, पाणी एक दिवसाआड, कमांडिंग ऑफिसर माझी बायको. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता आणि गेल्यावर कधी येईल हे विचारायची पद्धत नव्हती.

फौजेत मी सिग्नल्समध्ये होतो. माझं काम वायरलेस सेटच्या बॅटऱ्या चार्ज करण्याचं. सिव्हिलियन माणसाला वाटतं लढाई बंदुकीवर चालते. लढाई चार्जिंगवर चालते. चौदा हजार फुटांवर थंडीने बॅटरी मरू नये म्हणून मी ती रोज रात्री कुशीत घेऊन झोपायचो. तसं पत्रात लिहिलं, तर बायकोचं उलट पत्र आलं : ही कोण? आमचं चार्जिंग इंजिन इतकं धडधडायचं की समोरचा शत्रू झोपमोडीची लेखी तक्रार करणार होता. कागद मिळाला नसेल म्हणून राहिलं. सांगायचा मुद्दा, बॅटरी या विषयात माझ्यापुढे कुणी बोलायचं नाही. हाच माज पुढे नडला.

पेन्शननंतर ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो. गेटवर वॉचमन होता माझ्याहून एक फीत कमी असलेला नाईक धर्मा, कोलशेतचा कोळी. आम्ही एकाच पोस्टवर होतो. तो तोफेवर, मी सेटवर. ऐंशीच्या दशकात एका सकाळी त्याच्या तोफेशेजारी गोळा येऊन पडला. धर्माचे दोन्ही कान गेले. त्याच्या हाताशी उभा असलेला गनर शांताराम जागीच गेला.

धर्माला कानाचं मशीन मिळालं होतं. खिशात काडेपेटीपेक्षा मोठी डबी, तिच्यातून कानापर्यंत वायर, आत एक पेन्सिल सेल. बसमध्ये लोक त्याला हटकून विचारायचे, ‘‘स्कोअर काय झाला?’’ तो प्रत्येकाला सांगायचा, ‘‘चार गेले.’’ मॅच असो वा नसो.

पण मशीन तो बहुतेक वेळ बंदच ठेवायचा. सेल लवकर संपतात म्हणून. गेटवर सुरू, घरी बंद. त्याची बायको हिराबाई मला म्हणाली, ‘‘भावजी, गेटवरच्या ट्रकवाल्यांचा सगला ऐकतो ह्यो. मी बोलाया लागले का डबी बंद. माझ्यासाठी सेल नाय ह्याच्याकडं.’’

आता महत्त्वाची गोष्ट. आमच्या भागातले माजी सैनिक वर्षातून एका रविवारी ठाण्यात जमायचे. चहा, भाषण, आणि हजेरी. हजेरीत आम्हा जिवंतांची नावं नंतर, आधी गेलेल्यांची. सुभेदार मेजर साहेब नाव पुकारतात आणि त्या माणसाच्या शेवटच्या वेळी जो शेजारी होता, तो ‘हाजिर’ म्हणतो. शांतारामच्या नावाला धर्माने उत्तर द्यायचं, हा दंडक.

एका वर्षी शांतारामचं नाव पुकारलं आणि धर्मा शांत उभा. दुसऱ्यांदा पुकारलं. तो समोर बघतोय. सेल संपलेला. शेवटी मागून मीच ‘हाजिर’ म्हटलं. शांतारामची बायको सुमनताई पहिल्या रांगेत बसली होती. कल्याणला एका शाळेत ती शिपाई होती, मूळची साताऱ्याकडची, बोलणं अगदी हळू. निघताना मला म्हणाली, ‘‘भाऊ, राग मानू नका. पुढच्या वर्षी धर्माभाऊ बोलणार असतील तरच मी येईन. त्या नावाला दुसऱ्याचा आवाज नको.’’

मी धर्माला हे कागदावर लिहून दाखवलं. त्याने कागद घडी करून टोपीत ठेवला.

‘‘मना वाटला होता, अजून नाव आलाच नाय,’’ तो म्हणाला.

मी निर्णय घेतला. धर्माला रिचार्जेबल सेल आणि चार्जर. म्हणजे मशीन दिवसभर सुरू राहील आणि काटकसरीचा प्रश्न मिटेल.

डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानात मी एक तास दहा मिनिटं इन्स्पेक्शन केलं. दुकानदाराने आधी एक गुळगुळीत, हलका चार्जर पुढे केला.

‘‘काका, हा घ्या. दोन तासांत फुल्ल.’’

‘‘चौदा तासांचं काम दोन तासांत करणारा माणूस मी फौजेत पाहिलाय. त्याचं काम मला पुन्हा करावं लागायचं. तो जड दाखव.’’

जड म्हणजे आत ट्रान्सफॉर्मर आहे. मी तो हातावर तोलला. चार खाचा, प्रत्येक खाचेला वेगळा लाल दिवा. हलक्या चार्जरमध्ये सेल जोडीनेच लावावे लागत, आणि धर्माच्या मशीनला लागतो एकच. स्प्रिंग दाबून पाहिल्या. प्लस-मायनसच्या खुणा प्लॅस्टिकमध्येच कोरलेल्या होत्या. कागदी स्टिकर असतं तर दुसऱ्या महिन्यात गळून पडलं असतं. पिन चार्जरलाच बसवलेल्या, लोंबती वायर नाही. डब्याच्या पिशवीत मावतो. मग मी त्याला अर्धा तास प्लगला लावून हात ठेवून बसलो.

‘‘काका, ताप बघताय का त्याचा?’’

‘‘हो. कोमट चालेल. चटका बसला तर परत.’’

कोमट निघाला. सेल चार घेतले, दोन धर्माला, दोन माझ्या टॉर्चला. बायकोच्या नेलपॉलिशने त्यांवर एक ते चार नंबर टाकले. तिने याबद्दल माझी चार्जशीट काढली ती वेगळी.

धर्माला ड्रिल शिकवलं. चौदा तास, कमी नाही, जास्त नाही. लाल दिवा म्हणजे फक्त वीज आत जातेय. सेल भरला असं तो सांगत नाही, म्हणून वेळ कॅलेंडरच्या मागे लिहायची. साधा सेल चुकूनही त्यात घालायचा नाही, फुटून ओघळतो. भरलेला सेल कपाटात महिनाभर ठेवला तर कामाचा राहत नाही, आपोआप उतरतो. आणि अर्धवट वापरलेला सेल भरायचा नाही. आधी पूर्ण उतरवायचा, मग भरायचा, नाहीतर त्याला अर्ध्यावरच थांबायची सवय लागते. धर्माने सगळं ऐकून घेतलं.

‘‘ह्यो सेल हाय का नवा जावाई?’’ तो म्हणाला.

वर्षभर उत्तम चाललं. हिराबाई म्हणाली, नवरा आता उलट बोलायला लागला, पूर्वी बरं होतं.

मग हजेरीचा रविवार आला. शुक्रवारी मी धर्माचे दोन्ही सेल आणि चार्जर मागवून घेतले आणि माझ्या टॉर्चमध्ये घालून मुद्दाम पूर्ण उतरवले. परेडच्या आधी सगळं रिकामं, मग सगळं ताजं. फौजेत आम्ही असंच करायचो. शनिवारी सकाळी ०६०० ला सेल चार्जरवर लावले. रात्री २००० ला निघणार होते.

०७०५ ला लाईट गेली.

वाट बघितली. दुपार झाली, नाही. रात्री आठला धर्मा सेल न्यायला कोलशेतहून आला. त्या सगळ्या वेळात ठाण्याला वीज होती, कारखान्यात वीज होती. चार्जर पोर्टेबल होता, मी मात्र हललो नव्हतो. हजार मैल बर्फात बॅटऱ्या वाहिलेला मी, डोंबिवलीहून वागळे इस्टेटला एक चार्जर नेला नाही.

मी सेल टॉर्चमध्ये घालून बटण दाबलं. झक्क पांढरा उजेड. फौजेत साध्या सेलची परीक्षा आम्ही अशीच घ्यायचो : उजेड पिवळा तर फेल, पांढरा तर पास.

‘‘पास,’’ मी म्हटलं.

धर्मा घुटमळला. ‘‘एक तासच भरलाय ना? वाटंत साधा सेल घेऊ काय?’’

‘‘सिग्नल्सवर विश्वास नाही का?’’

तो गप्प बसला. नाईकाने हवालदारापुढे गप्प बसायचं असतं. ही वाईट सवय फौजेनेच लावलेली.

रविवारी १०३० ला हॉलमध्ये हजेरी सुरू झाली. धर्मा माझ्या उजवीकडे, कडक इस्त्री, डबी खिशात. सुमनताई पहिल्या रांगेत. धर्माने मला सांगितलं की रात्री आणि पहाटेही तो हिराबाईला लांब उभी करून शांतारामचं नाव म्हणवून घेत होता. त्यात पहिला सेल बसमध्येच संपला. आता दुसरा आत होता.

एकोणीस नावं होती. शांतारामचं चौदावं. साहेब सावकाश वाचत होते. आठव्या नावाला धर्माने डबीवर टिचकी मारली. मग मुठीचा अंगठा खाली केला.

त्या क्षणी मला जे कळलं ते मी इथे सिव्हिलियन वाचकांसाठी नोंदवतो. साधा सेल मरताना आजारी माणसासारखा आधी खोकतो. उजेड पिवळा होतो, आवाज बारीक होतो, तयारीला वेळ मिळतो. हा रिचार्जेबल, निकेलचा सेल खोकत नाही. आत घोटभर जीव उरला असला तरी झक्क पांढरा उजेड देतो आणि चालता चालता पडतो. टॉर्चची परीक्षा त्याला लागूच नाही. बॅटरीत हयात घालवलेल्या माणसाने ती लावली होती.

नववं नाव. माझ्याकडे दुसरा सेल नव्हता. माझे दोन टॉर्चसह डोंबिवलीत. बाजाराला जाऊन यायला वीस मिनिटं. पाच नावांना लागतात जेमतेम दोन.

दहावं नाव. समोर, कपाटाच्या वर, भिंतीवर प्लॅस्टिकचं घड्याळ टिकटिक करत होतं. पेन्सिल सेलवर.

मी रांग सोडली.

‘‘हवालदार! जागेवर!’’ साहेब गरजले.

‘‘साहेब, सेट डाऊन. बॅटरी चेंज. टू मिनिट्स.’’

साहेबांनी धर्माकडे पाहिलं, धर्माच्या हातातल्या उघड्या डबीकडे पाहिलं, मग यादीवर बोट ठेवलं.

‘‘टू मिनिट्स. वेट.’’

‘‘साहेब, स्टूल लागेल.’’

‘‘माझी खुर्ची घ्या.’’

सुभेदार मेजरच्या खुर्चीवर बूट घालून उभा राहिलेला भारतीय सेनेतला पहिला हवालदार मी. घड्याळ उतरवलं, सेल काढला. काटे १०३५ वर थांबले. मागे कुणी तरी म्हणालं, ‘‘चोरी पण शिस्तीत करतोय बघ.’’ सेल धर्माच्या डबीत घातला, झाकण लावलं. त्याने आवाजाची चक्री फिरवली. डोळे मिटले. अंगठा वर.

‘‘ओके, साहेब.’’

अकरावं. बारावं. तेरावं.

‘‘गनर शांताराम.’’

‘‘हाजिर, साहेब!’’

बहिरा माणूस स्वतःचा आवाज मोजत नाही. खाडीपलीकडे कुणी दुपारच्या झोपेची तयारी करत असेल तर त्याने बेत रद्द केला असेल. सुमनताईने मान खाली घातली नाही. सरळ बघत राहिली. उरलेली पाच नावंही साहेबांनी उभ्यानेच वाचली, कारण खुर्चीवर माझ्या बुटांचे ठसे होते.

नंतर चहाच्या वेळी सुमनताई धर्माजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘धर्माभाऊ, ते शेवटी काही बोलले होते का?’’

हा प्रश्न ती दर वर्षी विचारायची. मी दर वर्षी शेजारीच असायचो. धर्मा दर वर्षी मान हलवून पुढे जायचा. मला वाटायचं तो टाळतोय. तिलाही तसंच वाटत असणार. हजेरी झाली की धर्मा सेल वाचवायला डबी बंद करायचा. तिचा तो आवाज त्या बंद डबीपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

धर्माने कप खाली ठेवला.

‘‘बोलला ना. त्याचाच आवाज माझ्या सोताच्या कानांनी शेवटचा ऐकलाय.’’ तो म्हणाला, ‘‘मी घरून सुके बोंबील नेलेले. ते त्यानं संपवले. मना म्हनला, धर्म्या, सुट्टीत सुमनला कोलशेतला आनतो. तुझ्या बायकोला सांग, तिला बोंबील भाजाया शिकव. आमच्याकडं कोनाला येत नाय.’’

‘‘एवढंच?’’

‘‘एवढाच. हसला, आन् वळला. मग...’’ धर्माने हाताने कानाकडे खूण केली.

सुमनताई म्हणाली, ‘‘येतात मला आता भाजता. कल्याणला आल्यावर शेजारणीकडून शिकले.’’

मी मध्ये पडायला नको होतं, पण पडलो. विचारलं, ‘‘आवाज कसा होता रे त्याचा? मला सेटवरचाच आठवतो.’’

‘‘घोगरा,’’ धर्मा म्हणाला. ‘‘तंबाखूनं.’’

‘‘तंबाखूनं नाही हो,’’ सुमनताई म्हणाली. ‘‘लग्नातसुद्धा तसाच होता.’’