थ्रीडीतली बाई बसेना

चंद्रपुरात कम्प्युटरमधल्या माणसात पहिल्यांदा हाडं कोणी बसवली, असं कोणी विचारलं तर मी छाती ठोकून सांगतो, मी! म्हणजे हाडं बसवली नसरीननं. मी शेजारच्या खुर्चीवर चहा पीत होतो. पण खुर्ची अगदी शेजारीच होती हो!

आमच्या ऑफिसात माणसं तीन. मालक प्रशांतभाऊ, आधी लग्नाचे व्हिडिओ काढायचे. दोन हजार चार-पाचच्या सुमारास त्यांनी दोन कम्प्युटर आणले, टायरच्या दुकानावरची खोली घेतली आणि बाहेर ‘थ्रीडी अ‍ॅनिमेशन’ असा बोर्ड लावला. दुसरी नसरीन. गोलबाजाराच्या बाजूच्या टेलरची पोरगी, नागपुरात कोर्स करून आलेली. आणि तिसरा मी, मधुकर. सातवी नापास. झाडीपट्टीच्या नाटकांत सारी उमर विनोदी पार्ट केले, मग स्टेज सुटलं. भाऊंनी मला आवाज द्यायला ठेवून घेतलं. आवाज द्यायचं काम महिन्यातून एकदा निघायचं. बाकीचे दिवस मी लोकांना त्रास द्यायचो.

तीन माणसांच्या ऑफिसात एवढे किस्से कसे, असं लोक विचारतात. अहो, माणसं कमी असली की प्रत्येकाच्या वाट्याला येडेपणा जास्त येतो! आणि किस्से साचतात ते लग्नाच्या मांडवाबाहेर चपला साचतात तसे. कोणती कोणाची हे नंतर कळत नाही. म्हणून मी माझ्या मापाच्या आधी उचलतो.

*

रिगिंग म्हणजे काय, हे मला नसरीननं पहिल्याच आठवड्यात समजावलं.

“चाचा, हा माणूस दिसते ना? हा नुसता पुतळा हाय. याच्यात आता हाडं टाकायची. मंग कोणतं हाड कोणत्या चामडीले किती ओढते, ते रंगानं सांगायचं. लाल म्हणजे पुरं ओढते, निळा म्हणजे हातच नाई लावत.”

“म्हणजे देव करते तेच काम?”

“देवाजवळ चूक मागं घ्यायचं अनडूचं बटन नाई चाचा. माह्याजवळ हाय.”

त्या दिवशी तिनं पहिल्या पुतळ्याला हाडं टाकून त्याचा हात वर केला. हात वर गेला. सोबत कानही गेला! हात जसा वर, तसा कान लांब. हत्तीचा झाला, मग केळीच्या पानाएवढा झाला. हाताच्या हाडाचा लाल रंग कानाला लागला होता म्हणे.

प्रशांतभाऊंनी डोकं धरलं. मी म्हटलं, “भाऊ, बरोबर तं हाय! मास्तरचा हात वर गेला की माहा कान असाच लांब व्हायचा.”

नसरीन हसली नाही. तिनं कानावर निळा रंग फिरवला, हात पुन्हा वर केला, कान जागेवर. चहा गार व्हायच्या आत! मी शाळेत असताना ही पोरगी कुठी होती, असं मला फार वाटलं.

*

आता माझी एक खोडी.

नसरीन जेवायला गेली होती. मी माउस धरला. पुतळ्याच्या मानेभोवती एक पिवळी रिंग असते, ती पकडून मान फिरवायची. मी फिरवली. तोंड पाठीकडे! आणि गपचूप येऊन पेपर वाचत बसलो.

ती आली, बघितलं आणि कामाला लागली. मला वाटलं, गेलं पचून.

दुसऱ्या दिवशी एका संस्थेचे साहेब काम घेऊन आले. प्रशांतभाऊंनी ऐटीत कम्प्युटर लावला. पडद्यावर पुतळा आला. अंगात माझाच चौकड्याचा शर्ट, तोंडाला माझाच फोटो चिकटवलेला, मिशीसकट. आणि ते तोंड पाठीकडे!

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. “हे कोण?”

नसरीन अगदी अदबीनं म्हणाली, “सर, हे आमचे सीनियर आर्टिस्ट. काम ज्या बाजूनं असते, यांचं तोंड त्याच्या दुसऱ्या बाजूनं राह्यते.”

साहेब एवढे हसले की काम आम्हालाच दिलं. तेव्हापासून मी त्या पिवळ्या रिंगला लांबूनच नमस्कार करतो.

*

काम असं होतं. मोहफुलं पडायच्या दिवसांत लोक झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. जमीन साफ झाली की फुलं दिसतात. पण तीच आग कधी कधी आत जंगलात शिरते. म्हणून एक छोटी फिल्म काढायची. त्यात एक बाई पाला न पेटवता झाडून काढते, फुलं वेचते, टोपलं भरते. बस, एवढंच. मोहाचा सीझन सुरू व्हायच्या आत फिल्म गावागावांत टीव्हीवर दाखवायची.

एवढंच! पण मोहफुलं वेचायला बाई उकिडवी बसते. आणि आमची थ्रीडीतली बाई बसेना!

उभी छान राहायची. चालायची तर अशी की प्रशांतभाऊ दोनदा पाहायचे. खुर्चीवर तर नागपूरच्या ऑफिसातल्या बाईसारखी बसायची. ज्या पुस्तकातून नसरीन शिकली, त्यातले सगळे पुतळे खुर्चीवरच बसत होते ना! पण उकिडवी बसवली की गुडघे पोटात घुसायचे, मांडी पिळलेल्या चॉकलेटच्या कागदासारखी व्हायची आणि लुगड्यातून भलतंच काहीतरी बाहेर यायचं. एकदा तर टाच आरपार कमरेतून निघाली. मी म्हटलं, “नसरीन, हिले सर्कसमध्ये लावून दे, आपल्यापेक्षा जास्त कमावन!”

प्रशांतभाऊंनी मोठ्या मालकासारखा उपाय काढला. “तिले एक स्टूल देऊन टाक.”

“भाऊ, मोहाच्या झाडाखाली स्टूल?”

“कोण पाह्यते!”

*

सगळ्यांनी पाह्यलं.

धानोऱ्याच्या आठवडी बाजारात साहेबांनी नमुना दाखवायला लावला. टेबलावर टीव्ही, मागे जनरेटर, समोर सतरंजीवर बाया. पडद्यावर आमची बाई आली, पाला झाडला आणि ऐटीत स्टुलावर बसून, कमरेत वाकून, फुलं वेचू लागली.

समोर बसलेल्या रायमतीबाईंनी तोंडाला पदर लावला. या बाई त्या भागातल्या जुन्याजाणत्या, आयुष्यभर मोह वेचलेला. त्यांनी शेजारणीला गोंडीत काहीतरी म्हटलं आणि सारी सतरंजी हसायला लागली. मी विचारलं, “काय झालं बाई?”

“नाई, म्हटलं हे बाई कोन्या साहेबाची होय? इचं स्टूल उचलाले मागं मानूस हाय का?”

आगीचं कोणी ऐकलंच नाही. साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, “पुढच्या बाजारात पुन्हा दाखवा. बायकांना पटली तर फिल्म. नाहीतर राहू द्या.”

परतीच्या रस्त्यात प्रशांतभाऊंचा घामच आटेना. बोर्ड लावल्यापासूनचं पहिलं मोठं काम! ते म्हणाले, “नसरीन, नागपूरले एक पोरगा हाय. मोठमोठी कामं करते. त्याले बोलावतो. तू तोवर लग्नाच्या कॅसेटी पाह्य.”

मी या पोरीला कधी रडताना पाहिलं नाही. त्या दिवशीही रडली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बोलवा ना भाऊ. पन पुढच्या बाजारानंतर. बाई बसन तं माह्याच हातानं बसन. नाई बसली तं मी अब्बाच्या दुकानात काज करत बसतो, मले कोणी बलवू नका.”

भाऊ ‘बरं’ म्हणाले. पण नागपूरला फोन त्यांनी त्याच संध्याकाळी लावला. माझ्यासमोरच.

*

मग तिनं जे केलं, ते बघायला मला पगार मिळायचा, ही माझी नशिबाची गोष्ट.

आधी ती धानोऱ्याला परत गेली. सोबत मी, प्रशांतभाऊंचा लग्नाचा कॅमेरा आणि एसटी. मोह अजून पडत नव्हता, पण रायमतीबाई आणि दोघी-तिघी झाडाखाली बसून दाखवायला तयार झाल्या. फुलं नाहीत म्हणून मी गोटे टाकले. एक गोटा मी मुद्दाम शेणात टाकला. रायमतीबाईंनी तो बरोब्बर माझ्या चपलेवर परत टाकला.

नसरीन एकेकीच्या मागून, बाजूनं, पार जमिनीवर आडवी पडून शूटिंग घेत होती. मग एकदम ओरडली, “चाचा, पाहा! टाच उचलतच नाईत! आन उठत बी नाईत!”

खरंच की. बाया उकिडव्याच पुढे सरकत होत्या, या पायावरून त्या पायावर भार देत, बदकासारख्या. टाचा जमिनीला चिकटलेल्या. जन्मभर बघितलं होतं मी हे. पण बघितलं होतं कुठे!

ऑफिसात येऊन ती सारा दिवस पडद्याकडे बघत बसली. मग स्वतःच्याच कपाळावर मारून म्हणाली, “मी टेलरची पोरगी न्हं! हिचं आसन कमी हाय!”

“काय कमी हाय?”

“आसन, चाचा. सलवारीत मांडी न् कमरेच्या मधात कपडा सैल ठेवत नाई का? नाई ठेवला तं बसलं की फाटते. हिले म्या चामडीच नाई ठेवली तिथी, ते बसन कशी?”

तिनं मांडी आणि कंबर जिथे मिळते तिथली चामडीची जाळी दाट केली. तिथे दोन छोटी जादाची हाडं टाकली, बसताना चामडीला बाहेर ढकलणारी. मग रंग. लाल, पिवळा, हिरवा, निळा. एक थेंब इकडे गेला की गुडघा फुगायचा, तिकडे गेला की पोट खचायचं. मी कधी पोरीच्या हाताला मेंदी काढताना एवढं जपलेलं पाहिलं नाही.

*

मधेच वीज जायची. चंद्रपुरात वीज बनते ती साऱ्या राज्यासाठी, आमच्या खोलीसाठी नाही! बॅटरीवर एक कम्प्युटर चालायचा आणि प्रशांतभाऊंचा टेबलफॅन. एकदा रंग देता देता बॅटरी बसली आणि सारं काम गेलं. नसरीननं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

पुढच्या वेळी वीज गेली तशी ती उठली आणि भाऊंच्या फॅनची पिन खेचली.

“अबे, मी मालक हाय इथचा!” भाऊ ओरडले.

“म्हणूनच म्हणतो भाऊ, थोडा घाम गाळा. बाई बसून राह्यली.”

भाऊ पेपरनं वारा घेत बसले. मी त्यांना तोच पेपर मोठ्यानं वाचून दाखवला, हवामानाचं पान.

*

बाजाराचा दिवस आला. टीव्ही, जनरेटर, सतरंजी, सगळं तेच. नागपूरच्या पोराला भाऊंनी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं यायचं सांगून ठेवलं होतं. नसरीनला ते माहीत होतं. ती टीव्हीच्या मागे उभी राहिली. पडद्याकडे बघायचंच नाही, बायांच्या तोंडाकडे बघायचं.

एक सांगायचं राहिलं. धानोऱ्याला बायांचं बसणं, सरकणं सगळं घेतलं, पण उठणं घ्यायच्या आधीच कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. शेवटी टोपलं भरून बाई उठते, तेवढ्यासाठी परत धानोऱ्याला कोण जाईल! नसरीननं मलाच ऑफिसात चार-पाच वेळा बसवून उठवलं आणि त्यावरून शॉट केला.

फिल्म सुरू झाली. बाईनं पाला झाडला, लुगडं आवरलं आणि बसली. उकिडवी. टाचा जमिनीला, गुडघे काखेशी, हात मोकळे. आणि तशीच सरकली पुढे!

कोणी हसलं नाही. एका बाईनं नकळत आपलं लुगडं आवरलं. मागची एक शेजारणीला म्हणाली, “पाला पेटवला नाई तरी फुलं दिसतेत व्हय.” साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी नसरीनकडे. नसरीन रायमतीबाईंकडेच बघत होती.

टोपलं भरलं. बाई उठली.

आणि सतरंजीवर हसण्याचा असा भडका उडाला की जनरेटरचा आवाज ऐकू येईना! रायमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी. नसरीनचं तोंड पांढरंफटक.

मला राहवेना. मी सतरंजीवरून उठलो, एक हात जमिनीला, एक हात गुडघ्यावर, “अगं आई गं” म्हणत, आणि रायमतीबाईंसमोर उभा राहिलो. “आता काऊन हासता बाई? एवढी मेहनत केली या पोरीनं! बसली नाई का बरोबर?”

रायमतीबाईंनी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

“बसते तं आमच्यावानीच. उठते काऊन तुह्यावानी?”