नाना, अक्का आणि टकला डोंगर

डोंगर चढून आलेल्या माणसाला "कसं झालं?" असं विचारू नये. तो उंची सांगत नाही, रस्ता सांगत नाही. कोण कुठं घसरलं आणि घसरताना काय बोललं, एवढंच सांगत बसतो! आमच्या दीपनगर कॉलनीच्या रविवारच्या ग्रुपचं तेच झालंय. फोटो जुन्या मोबाइलबरोबर गेले, किस्से मात्र वाढतच चाललेत.

ग्रुप म्हणजे फार कोणी नाही. भुसावळला बॅगा शिवणारे शकीलभाई आमचे लीडर. नोकरीतून रिटायर झालेले नाना, मूळचे शिंदखेड्याकडचे. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी कॉलनी अक्का म्हणते. आणि मी. अधूनमधून कोणी हौशी येतो, पण एकदा पोटऱ्या भरून आल्या की परत दिसत नाही.

*

पहिल्यांदा धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर गेलो होतो. शकीलभाईंनी आधीच बजावलं होतं, "सामान कम, पानी ज्यादा!"

वर पोचल्यावर नानांनी सॅक उघडली. आतून निघालं भरीत, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या... आणि ठेचा कुटायला खलबत्ता. लोखंडी!

शकीलभाईंनी कपाळाला हात लावला. "नाना, एवढं वजन?"

"चढताना वजन व्हतं भाऊ," नाना मिरच्या कुटत म्हणाले, "आते जेवण शे!"

सगळ्यात जास्त भाकरी शकीलभाईंनीच खाल्ल्या.

*

नानांचे कान वयानं गेलेत. एकदा पाटणादेवीच्या जंगलात नाना आपल्याच तंद्रीत पुढे निघालेले, आणि पुढे पावसानं वाट तुटलेली. शकीलभाई मागून ओरडले, "नाना, थांबा!"

नाना न थांबता ओरडले, "आंबा? या थंडीमा आंबा कोठे भाऊ?"

शकीलभाई धावत गेले आणि नानांच्या सॅकचा पट्टा धरून त्यांना मागे ओढलं. पाय कड्यापासून हातभर लांब होते. दोघंही धापा टाकत खाली बसले. शकीलभाई पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाले, "अपनी सिलाई है, म्हणून टिकला. दुसऱ्या दुकानाचा असता तर मी नुसता पट्टाच घेऊन घरी गेलो असतो!"

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत. परतीच्या वाटेवर शकीलभाईंनी हळूच सांगितलं, "अक्का, अजून एकदा असं झालं तर नानांना पायथ्याशी बसवावं लागेल. माझी जिम्मेदारी आहे."

अक्का मला म्हणाल्या, "भाऊ, घरात हे आठवडाभर चार शब्द बोलत नाहीत. ऐकूच येत नाही तर बोलणार काय? डोंगरावर आले की तोंड उघडतं. हे बंद झालं तर माणूस घरात असून नसल्यासारखा होईल." मी त्यांची पाण्याची बाटली घेतली आणि चालत राहिलो.

*

मग कानाचं मशीन आलं. पहिल्या दिवशी नाना जेवायला बसले आणि दचकले. "अक्का, घरमा काय तुटी ऱ्हायनं?"

"काही नाही," अक्का म्हणाल्या, "तुम्ही पापड खाताय!"

*

मशीन आल्यावर शकीलभाईंना जोर चढला. बंगळुरूकडच्या एका राष्ट्रीय उद्यानात ग्रॅनाइटचा उभा डोंगर आहे, तिथे जायचं ठरलं. भुसावळहून थेट गाडी. आपल्याकडच्या काळ्या कातळाला खाचा असतात, पाय ठेवायला जागा मिळते. ग्रॅनाइट म्हणजे सगळा गुळगुळीत उतार. प्रॅक्टिस कुठं करायची?

शकीलभाईंनी जागा शोधली. कॉलनीच्या बागेतली घसरगुंडी!

तीन रविवार आम्ही चौघं घसरगुंडी उलटी चढत होतो. अक्का साडी खोचून, नाना चवड्यांवर. मागे पोरांची रांग लागलेली. शेवटी एका चिमुरडीला दया आली. ती नानांना म्हणाली, "आजोबा, जिना मागच्या बाजूला आहे!"

*

आणि मग तो डोंगर. खालून बघून नाना म्हणाले, "हाऊ डोंगर नही, हाई ते वरण-बट्टीनी बट्टी शे!" खरंच तसाच. गोल, फुगीर, वर एक झाड नाही.

पायथ्याशी अक्कांनी स्वतःच्या हातानं नानांच्या कानात मशीन बसवलं. शकीलभाईंनी नियम सांगितला, "धुकं आलं तर जो जिथे आहे तिथे बसायचं. हलायचं नाही." नाना मान डोलावून पुढे निघाले.

अर्ध्यावर पुण्याचा एक ग्रुप भेटला. नाना फार पुढे गेलेले बघून अक्कांनी हाक मारली, "अहो!" पुण्याचे चार नवरे एकदम मागे वळले! नाना सोडून!

त्या हसण्यातच धुकं आलं. असं आलं की चार पावलांपलीकडचं काही दिसेना. आम्ही खाली बसलो. नानांचा पत्ता नाही. शकीलभाईंनी शिट्टी मारली. उत्तर नाही. "अहो! अहो!" अक्कांचा आवाज फाटायला लागला. दोन्हीकडे ओला, उघडा उतार. शकीलभाईंचं तोंड उतरलं. मला मशीन आठवत होतं, पण त्या क्षणी त्याच्यावरचा भरवसा उडाला होता.

पुण्याची एक बाई म्हणाली, "काकू, नावानं हाक मारा ना! 'अहो'ला कसं कळणार कोणाला हाक मारताय?"

अक्का आमच्याकडे बघायला लागल्या. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झालेली. उखाण्याशिवाय त्यांनी नानांचं खरं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. रेशन दुकानातही कागद पुढे करायच्या, नाव दुसऱ्याला वाचायला लावायच्या.

अक्का उभ्या राहिल्या. दोन्ही हात तोंडाशी नेले.

"दगडू! ओ दगडू!"

या वेळी पुण्याच्या एकाही नवऱ्यानं ओ दिली नाही. मी नियम मोडला आणि हातापायांवर रांगत, खडक चाचपत वर सरकलो. थोडं वर एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला नाना नियमाप्रमाणे मांडी घालून बसलेले. धडधाकट! एका हातानं कानातलं मशीन दाबून धरलेलं, डोळे भरलेले.

"नाना! अहो, अक्का केव्हाच्या हाका मारतायत! ओ द्या ना!"

नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांब ना भाऊ," ते कुजबुजले, "आखो एक डाव नावानं हाक मारू दे तिले."